कोंबड्यांच्या पेडणेकर डॉक्टर

आमच्या ऑफिसच्या दारावर ‘डॉ. शालन पेडणेकर’ अशी पाटी लागली त्याच दिवशी शेजारच्या गाळ्यातला एक कामगार खोकला दाखवायला आला. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ‘‘पिसं कधीपासून गळतायत?’’

तो बिचारा गडबडला. पिसं नाहीत म्हणाला. मग बाईंनी त्याला समजावलं की पिसं नसलेल्या पेशंटला हात लावायची मला परवानगी नाही, नाक्यावर माणसांचे डॉक्टर बसतात त्यांच्याकडे जा. तो गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. समोरच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे त्यांचं हसू नेहमीच काहीतरी लपवल्यासारखं वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची छोटी कंपनी होती. पुढे ऑफिस, मागे कोंबड्यांच्या खाद्यात घालायच्या पावडरी मिसळायचं यंत्र, आणि एका कोपऱ्यात न्हाणीघराएवढी प्रयोगशाळा. मी टायपिंग आणि पत्रव्यवहार बघायचे. मालक गुप्तेसाहेब. तोवर आम्ही क्षार आणि जीवनसत्त्वं विकत होतो, पण साहेबांनी परदेशी मासिकात कुठंतरी वाचलं की आता कोंबड्यांना चांगले जंतू खाऊ घालतात. जंतू विकायचे तर जंतूंचं कळणारं माणूस हवं, म्हणून परळला जनावरांची डॉक्टरकी शिकलेल्या पेडणेकरबाई आल्या.

बाई मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी चाळीत पेढे वाटले होते आणि कसली डॉक्टर ते मुद्दामच सांगितलं नव्हतं, असं बाई स्वतःच सांगायच्या. वय चाळिशीच्या अलीकडे, लग्न केलेलं नाही, नेसणं सुती साडी आणि पायात कायम रबरी चपला. ऑफिसातल्या फ्रिजवर आमच्या डब्यांच्या शेजारी त्यांच्या स्टीलच्या वाट्या असायच्या. प्रत्येक वाटीत दूध आणि त्यात एकेका पिंपातली चिमूटभर पावडर. सकाळी आल्यावर बाई वाट्या तिरप्या करून बघायच्या. ज्या वाटीतलं दही लागलं नसेल, त्या पिंपातले जंतू मेले. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता, मोजायची पद्धत होती, ते सगळं त्या करायच्याच. पण गुप्तेसाहेबांना आकडे दाखवले की ते वाद घालायचे. पातळ दुधाची वाटी पुढे ठेवली की वाद संपायचा.

त्यांचं अक्षर हा आमच्या ऑफिसातला एक स्वतंत्र विषय होता. मुंगी शाईत बुडून कागदावर चालली तरी जरा बरं लिहील. त्यांचे अहवाल टाईप करताना मला एकेका शब्दासाठी उठून विचारायला जावं लागे. कधी कधी त्यांनाही वाचता येत नसे. मग त्या म्हणत, ‘‘तुला काय वाटतं, काय असेल गं?’’

हे चांगले जंतू नेमकं करतात काय, हे मला त्यांनी एकदा जेवताना समजावलं होतं. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचं पोट कोरं असतं. कोंबडीच्या मागेमागे फिरताना ते तिच्या पायाखालची माती टिपतं, तिची घाणही टिपतं, आणि आईच्या पोटातले चांगले जंतू त्याच्या पोटात जाऊन बसतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई कुठली? त्याचं पोट रिकामंच. ‘‘आणि मुंबईत रिकामी खोली ठेवली तर काय होतं?’’ बाई म्हणाल्या. ‘‘कोणीतरी गुंड कुलूप तोडून घुसतो. म्हणून आपण आधीच आपला भाडेकरू बसवायचा.’’

हे ऐकून मला विषय कळला, पण डब्यातली भाजी काही खाववेना.

आमचे विक्री-प्रतिनिधी होते साळवी. गोरेगावला राहायचे, पांढरा शर्ट, चकचकीत बूट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला कोंबड्या नसल्या तरी तो पावडर घेईल. मी लिहिलेल्या जाहिरातीच्या पत्रकात ते हळूच भर घालायचे. ‘पचन सुधारते’च्या पुढे ‘प्रतिकारशक्ती वाढवते’, आणि त्यापुढे ‘सर्व रोगांपासून संरक्षण’. बाई ते शेवटचं खोडायच्या, साळवी पुन्हा घालायचे. शेवटी साळवी म्हणाले, मॅडम, एवढं तर सगळेच लिहितात. बाई रागावल्या की मालवणीत शिरायच्या. त्या म्हणाल्या, ‘‘लिवा हो. पण कोंबडी पत्रक वाचणा नाय.’’

पावडरीचा उपयोग होतो हे व्यापाऱ्यांना दाखवायला गुप्तेसाहेबांना एक प्रयोग हवा होता. पिल्लांचे दोन गट करायचे, एकाला पावडर द्यायची, दुसऱ्याला नाही. पण कंपनीकडे पोल्ट्री नव्हती. बाई म्हणाल्या, माझ्या बिल्डिंगची गच्ची आहे.

त्या घाटकोपरला राहायच्या. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. गच्चीवर पापड वाळवायलासुद्धा त्यांची परवानगी लागे. बाईंनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं की माझ्याकडे थोडे पाहुणे यायचेत, घरात जागा नाही, गच्चीवर उतरवले तर चालतील का. फार लहान आहेत, लवकर झोपतात, कोणाला त्रास नाही. सबनीसांना वाटलं गावाकडची मुलं असतील. ते म्हणाले, सोसायटीची हरकत नाही, फक्त कठड्यापाशी जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी खोक्यांतून पाहुणे चिवचिवत वर गेले. सबनीस धावत आले, तेव्हा बाईंनी त्यांना कठड्याला लावलेली जाळी दाखवली. तुमची अट पाळली आहे, म्हणाल्या.

सबनीस परवानगी मागे घेणार होते, पण तोवर बिल्डिंगच फितूर झाली. जो तो गच्चीवर जायला लागला. एका गटाच्या पायात लाल दोरा, दुसऱ्याच्या निळा. लाल गटाला पावडर, निळ्याला नाही. हे समजल्यावर बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. पहिल्या मजल्यावरचे लालवाले, तिसऱ्यावरचे निळेवाले. पिल्लांना नावं दिली गेली. माझ्याकडे वजनं टाईप करायला यायची तेव्हा बाई नंबर सांगायच्या आणि मग थांबून म्हणायच्या, ही म्हणजे आमची सुलोचना.

व्यापाऱ्यांना बोलावायचा दिवस जवळ आला आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. लाल पिल्लं छान वाढली होती. पण निळीही तितकीच छान वाढली होती. पावडर न खाता. गुप्तेसाहेब अस्वस्थ झाले. बाई एका दुपारी ऑफिस सोडून घरी गेल्या आणि गच्चीच्या दारामागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं सबनीसांच्या मिसेस, सबनीसकाकू, पदराखाली पातेलं घेऊन वर आल्या. निळ्या गटाच्या जाळीशी बसल्या आणि दहीभात कालवून घालायला लागल्या. त्या पिल्लांना काही मिळत नाही, नुसतंच बघत बसतात बिचारी, हे त्यांना पाहवत नव्हतं. पहिल्या आठवड्यापासून चालू होतं म्हणे. घरचं दही, ताजं.

दुसरं कोणी असतं तर चिडलं असतं. बाईंनी ऑफिसात येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना हसताना ठसका लागला. गुप्तेसाहेबांना मात्र हसू येईना. त्यांनी हळूच सुचवलं की निळ्या गटाची वजनं थोडी कमी लिहिली तर? हे दहीभाताचं प्रकरण कोणाला कळणार आहे? खरं म्हणजे दहीसुद्धा जंतूच ना, म्हणजे आपलंच म्हणणं सिद्ध होतंय.

‘‘काही सिद्ध होत नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सिद्ध एवढंच झालं की सबनीसकाकू प्रेमळ आहेत. तेवढं लिहिते.’’

आणि त्यांनी तेच लिहिलं. ‘शेजारणीने दुसऱ्या गटास दहीभात घातल्यामुळे प्रयोग बाद.’ मी ते टाईप केलं. गुप्तेसाहेबांनी कागद टेबलाच्या खणात टाकला आणि व्यापाऱ्यांना नुसतंच जेवायला घातलं. त्या जेवणातली कढी सगळ्यांनी वाटीवाटीनं मागून घेतली. हात धुताना बाईंनी त्यांना सांगितलं की दही आमच्याच जंतूंचं लावलेलं होतं, पावडर करायला कोंड्यात मिसळण्याआधीच्या. एक व्यापारी तिथंच बेसिनवर वाकला. बाकीच्यांनी ऑर्डर दिली.

पिल्लं मोठी झाली. अंड्यांच्या जातीची होती, कापण्याचा प्रश्न नव्हता, आणि सुलोचनेला कापू देणारं त्या बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतंही. बाईंनी ती मनोरीला पास्कल नावाच्या माणसाला दिली. पास्कलची तिथं नारळाच्या झाडांखाली पोल्ट्री होती, एक मोठी शेड आणि रस्त्याच्या कडेला एक लहान. असा तो आमचा गिऱ्हाईक झाला. पुढे त्याच्याकडे पावडर घेऊन जायचं काम साळवींकडे आलं.

पावसाळा संपल्यावर एके दिवशी पास्कलचा फोन आला. त्याला बाईंशी बोलायचं होतं. गोराईच्या बाजूला कोणाकडे कोंबड्या माना वाकड्या करून मरत होत्या, आणि आज सकाळी त्याच्या लहान शेडमध्येही दोघी तशाच पडलेल्या दिसल्या. बाईंनी विचारलं, लस कधी दिली होती. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी फक्त साळवींकडे पाहिलं. साळवी टेबलावरचं पेपरवेट फिरवत होते, ते थांबले.

पास्कलनं या खेपेला लस दिलीच नव्हती. साळवी त्याला म्हणाले होते की आमची पावडर चालू असताना मानमोडीच्या लशीचा खर्च कशाला करता, आतून प्रतिकारशक्ती तयार होते.

बाईंनी थर्मासमध्ये बर्फ भरला, लशीच्या बाटल्या मिळवल्या आणि साळवींना म्हणाल्या, चला. साळवींनी दुसरीकडे अपॉइंटमेंट असल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, कोंबड्यांनाही होती. मलाही त्यांनी सोबत घेतलं, मदतीला माणूस हवं म्हणून. मालाडहून बसनं मार्वे, तिथून होडीनं पलीकडे. होडीत साळवी दुसऱ्या टोकाला बसले होते.

पास्कल धक्क्यावरच उभा होता. मोठी शेड अजून धड होती. बाईंनी आधी आम्हा सगळ्यांच्या चपला-बूट काढून घेतले, फिनेलच्या पाण्यात पाय बुडवायला लावले आणि सांगितलं की धडधाकट कोंबड्यांकडे आधी जायचं, आजारी शेडकडे नंतर. साळवी आठवडाभर कुठल्या कुठल्या पोल्ट्र्या फिरून आले होते. रोग बुटाच्या तळव्यालाही चिकटून येतो, हे त्या सांगत होत्या पास्कलला, पण ऐकवत होत्या साळवींना. मग लस द्यायला सुरुवात झाली. प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब. पकडायच्या साळवींनी.

साळवी इतकी वर्षं कोंबड्यांच्या धंद्यात होते, पण त्यांनी कोंबडी हातात कधी घेतलेली नव्हती, हे त्या दिवशी कळलं. पहिली त्यांच्या तोंडावरच फडफडली. दुसरीनं मनगट ओरबाडलं. दुपारपर्यंत त्या पांढऱ्या शर्टाचा रंग सांगता येत नव्हता. बाई दर थोड्या वेळानं अगदी मायेनं म्हणायच्या, साळवी, पंख दाबून धरा, प्रतिकारशक्ती फार आहे तिला. मी तोंडावर पदर धरून उभी होते. साळवींच्या केसांत पीस अडकलं होतं आणि ते काढायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

पण लहान शेडपाशी गेल्यावर कोणालाच हसू आलं नाही. तिथल्या कोंबड्या ओळीनं बसल्या होत्या, काहींच्या माना पाठीवर उलट्या वळल्या होत्या. पास्कलची बायको दारात उभी राहून छातीवर क्रूसाची खूण करत होती. बाई आत गेल्या, बराच वेळ आत राहिल्या. बाहेर येऊन त्यांनी पास्कलला स्पष्ट सांगितलं की या शेडमधलं फार काही वाचणार नाही, मेलेल्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरायच्या आणि इथलं भांडं तिकडे न्यायचं नाही. सुलोचना लहान शेडमध्येच होती. लाल दोरा केव्हाच गळून पडला होता, तरी बाईंनी तिला ओळखली.

पास्कल शांत माणूस होता. त्यानं एवढंच विचारलं, ‘‘मग तुमची पावडर खोटी काय?’’

साळवी बोलायला गेले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

‘‘पावडर खरी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोट चांगलं राहतं, कोंबडी तगडी राहते. पण घरात चांगला भाडेकरू आहे म्हणून कोणी दाराची कडी काढून ठेवतं का? कडी म्हणजे लस. ती लावायला नको म्हणून तुला सांगितलं ते खोटं. आमच्या माणसानं सांगितलं, म्हणजे आम्हीच सांगितलं.’’

येताना साळवींना बूट मिळाले नाहीत. बाईंनी ते फिनेलच्या पिंपात बुडवून ठेवले होते. साळवी पास्कलच्या जुन्या स्लिपर घालून गोरेगावपर्यंत गेले.

मोठी शेड वाचली. लहान शेड गेली, अगदी सगळी. बाईंनी पत्रकावर आणि पोत्यावर एक ओळ छापायची मागणी केली: ‘ही पावडर लसीच्या ऐवजी नाही. लस वेळेवर द्या.’ गुप्तेसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी डिक्टेशन घ्यायला आतच होते. साहेब म्हणाले, आपल्या मालावर आपणच असं लिहायचं म्हणजे दुकानावर पाटी लावायची की आत येऊ नका. बाई ऐकेनात. मग साहेब खालच्या आवाजात म्हणाले की डॉक्टर हवेत तितके मिळतात, तुम्ही विचार करा.

बाई तशाच बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. गिरण्या बंद पडल्यापासून वडील आणि धाकटा भाऊ दोघेही घरी होते, हे मला तेव्हा कळलं. बाईंच्या पगारावर ते घर चाललं होतं.  मला वाटलं, आता ही बाई गप्प बसणार. मग त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि स्टेशनजवळ जरा काम आहे म्हणून निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला की पोत्यांवर हे काय नवीन छापलंय. गुप्तेसाहेब मागे गोदामात गेले. प्रत्येक पोत्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का होता. बाई जेवणाच्या सुट्टीत उठून तो मारत होत्या. साहेबांनी शिक्का काढून घेतला, खणात टाकला आणि किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशीच्या पोत्यांवर पुन्हा शिक्का. साहेबांनी खण उघडून पाहिला, शिक्का जागेवरच होता. त्यांनी बाईंना बोलावलं. बाईंनी पर्समधून दुसरा शिक्का काढून टेबलावर ठेवला.

‘‘दोन करून घेतले होते,’’ म्हणाल्या. ‘‘एक हरवतोच.’’

‘‘आणि हाही मी घेतला तर?’’

‘‘मग हातानं लिहीन, साहेब. प्रत्येक पोत्यावर.’’

गुप्तेसाहेबांच्या डोळ्यांपुढे ते अक्षर उभं राहिलं असावं. वाचणाऱ्याला काय वाटेल, लस म्हणजे लसूण की काय, कोणी सांगावं. त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलून उलटा करून पाहिला. मग म्हणाले, नको, छापूनच घेऊ. आणि हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. थोडे व्यापारी गेले, थोडे राहिले. साळवी बाईंशी वर्षभर बोलले नाहीत, पण त्यांच्या बॅगेत दुसरा बुटांचा जोड दिसायला लागला.

पुढे माझं लग्न झालं, मी मुलुंडला गेले आणि नोकरी सोडली. कंपनी काही वर्षांनी गुजरातच्या हद्दीजवळ हलली. बाई तिकडे गेल्या नाहीत. वडील वारले होते, भावाला काम लागलं होतं. त्यांनी मनोरीत एक खोली घेतली आणि मनोरी, गोराई, उत्तनकडे पायी फिरून लोकांच्या कोंबड्या, बकऱ्या बघायला लागल्या, असं कोणीतरी सांगितलं.

दशक संपता संपता आम्ही मुलांना घेऊन मनोरीला गेलो तेव्हा मी त्यांना मुद्दाम शोधलं. केस पिकले होते, दातांतली फट तशीच होती. माझ्या मुलाला त्यांनी विचारलं, शेपटी कुठाय तुझी, आणि तो पँटच्या मागे चाचपून बघायला लागला. दुपारभर बोललो. संध्याकाळी त्या आम्हाला होडीपर्यंत सोडायला आल्या. मला काहीतरी बोलायचं होतं, नीट, आभाराचं वगैरे. पण होडीवाला घाई करत होता.

होडी सुटली तेव्हा मी हात वर केला. बाईंचं लक्षच नव्हतं. धक्क्यावर एक माणूस कोंबड्याला पायांना धरून उलटा लटकवत चालला होता. बाईंनी त्याला थांबवलं, काहीतरी बोलल्या, आणि त्याच्या हातातून तो कोंबडा काढून घेतला. सरळ केला, काखेत धरला, एका बोटानं त्याची मान खाजवली. माणूस हात पसरून आपला कोंबडा मागत होता. बाई तोवर गावाच्या वाटेला लागल्याही होत्या, कोंबडा काखेत, ताठ मानेनं इकडेतिकडे बघणारा, आणि मागून तो माणूस, काहीतरी समजावत, त्यांच्या रबरी चपलांमागे जवळजवळ पळत.